कीक्लोक १४ महिने वापरून झाल्यावर: ११ काटे, ११ ओळखी

"रात्री दोन वाजता कोण केळी मोजून राह्यलं भो?" सावद्याच्या भुईकाट्यावरचे आबा मागच्या वर्षी मे महिन्यात फोनवर हे बोलले आणि माझी झोपच उडाली, कारण त्यांच्या काट्याच्या नावावर रात्री २ वाजून काही मिनिटांनी तीन गाड्यांची वजनं चढली होती आणि काटा तर संध्याकाळी सातलाच कुलूप लावून बंद. म्हणून हा रिव्ह्यू मी तिथूनच सुरू करतो, नाहीतर कीक्लोक, म्हणजे कोणता प्रोग्राम खरा हे ओळखून त्याला तात्पुरतं टोकन देणारं सॉफ्टवेअर, आम्ही का घेतलं आणि ते कशासाठी चांगलं आहे हे कळणार नाही.

आधी आमचं काम सांगतो. आम्ही चौघं जण जळगावात सॉफ्टवेअर करतो, गिऱ्हाईक म्हणजे डाळ मिलवाले, थोडे जिनिंगवाले आणि मुख्य म्हणजे केळीचे व्यापारी. त्यातल्या एका व्यापारी गटाचे रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांत मिळून ११ काटे आहेत. प्रत्येक काट्यावर एक जुना विंडोज कॉम्प्युटर, वजनाच्या इंडिकेटरमधून सिरियल केबलने आकडा येतो, आमचा छोटा प्रोग्राम तो उचलतो आणि इंटरनेटवरून आमच्या वेब सर्व्हिसला पाठवतो. गाडी नंबर, शेतकऱ्याचा कोड, माल नवती (पहिलं पीक) का पिलबाग (पिलांचं पुढचं पीक) का वापसी (कमी प्रतीचा, बाजूला काढलेला), भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ. त्यावर बोर्डाचा भाव लागतो, पावती निघते, आणि आठ-पंधरा दिवसांनी शेतकऱ्याच्या खात्यात पैसे. म्हणजे ही जी नोंद काट्यावरून सर्व्हरला जाते ना, ती वर्षभर पाणी घालून, वादळ-वाऱ्यातून वाचवून आणलेल्या बागेचा पैसा आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांनी फेटे बांधले, पण शेतकऱ्याचा विश्वास शेवटी काट्यावरच्या आकड्यावर असतो, त्यात गडबड झाली तर बाकी सगळं वाया.

आता ह्या ११ कॉम्प्युटरांना आमचा सर्व्हर ओळखत कसा होता? एक एपीआय की, म्हणजे प्रोग्रामचा पासवर्डच म्हणा. चाळीस अक्षरांची, सेटिंगच्या फाईलमध्ये साधीच लिहिलेली, आणि अकराही ठिकाणी तीच. मी स्वतः टाकली होती. तेव्हा वाटलं होतं की एचटीटीपीएस आहे ना, रस्त्यात कोणी वाचू शकत नाही, मग झालं. पण धोका रस्त्यात नव्हताच, तो दोन्ही टोकांना होता. उंबऱ्याखाली ठेवलेली घराची चावी जशी शेजारच्या चार घरांना माहीत असते तशी ती की होती, काट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ती फाईल उघडता येत होती.

तर त्या रात्रीच्या तीन गाड्या. एका काट्यावरचा ऑपरेटर काम सोडून गेला होता, जाताना त्याने प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राईव्हवर नेलं, आणि घरच्या लॅपटॉपवर चालवून बघितलं. तो म्हणतो मी फक्त शिकून राह्यलो होतो. खरं असेलही, मी त्याला चोर म्हणणार नाही, कारण माझ्याकडे पुरावाच नव्हता. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, फक्त एवढंच दिसत होतं की बरोबर की घेऊन कोणीतरी आलं आणि "मी सावदा काटा आहे" असं म्हणालं. अकरा जणांची एकच सही असेल तर सही कोणी केली हे कसं सांगणार? ह्या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं, कारण मधल्या दोन दिवसांत सावद्याच्या आबांवरच लोक संशय घेत होते, तीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस.

आणि खरं नुकसान तर पुढे झालं. की बदलायची म्हटलं तर ती अकराही ठिकाणी बदलावी लागणार होती. सर्व्हरवर जुनी की बंद केली त्या क्षणी सगळे काटे थांबले. मे महिना, मृगबागेची कटाई सुरू, पारा ४४ च्या वर, आणि निंभोऱ्याला केळीने भरलेल्या गाड्या उन्हात उभ्या. मी फोनवर एकेकाला चाळीस अक्षरं सांगतोय, तिकडून कोणी बी लिहितंय कोणी डी लिहितंय, दोन ठिकाणी शेवटी मोटरसायकल घेऊन जावं लागलं. दुपारी साडेबाराला सुरू केलेलं काम संध्याकाळी सहाला संपलं. उन्हात तापलेली केळी काळी पडायला लागते, त्या दिवशी ज्यांचा माल वापसीत गेला त्यांना आमच्याकडून भरपाई द्यावी असं आम्ही चौघांनी ठरवलं आणि दिली.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा नीट बसून वाचलं की क्लायंट अ‍ॅप्लिकेशनला ओळखायचं म्हणजे नेमकं काय. आपल्याकडे लॉगिन म्हटलं की माणूस डोळ्यापुढे येतो, युजरनेम, पासवर्ड, ओटीपी. पण इथे माणूस नाहीच, एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारतोय, रात्री कोणी जागं नसतानाही मारतोय, आणि समोरच्याला दोन प्रश्न पडले पाहिजेत: तू कोण, आणि तुला काय काय करायची परवानगी आहे. ओऑथ २.० ह्या परवानगी द्यायच्या ठरलेल्या पद्धतीत ह्याच्यासाठी वेगळी सोय आहे, क्लायंट क्रेडेन्शियल्स ग्रँट, आरएफसी ६७४९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचं कागदपत्र), ऑक्टोबर २०१२ चं. जुनंच आहे, आम्हीच बघितलं नव्हतं.

समजायला मला कापूस खरेदी केंद्राचं उदाहरण कामाला आलं. तुम्ही गाडी घेऊन जाता, गेटवर कागदपत्रं दाखवता, तिथे टोकन मिळतं, मग आत काट्यावर, ग्रेडरकडे, सगळीकडे टोकन दाखवायचं, सातबारा परत परत काढायचा नाही. टोकन हरवलं तरी ते त्या दिवसापुरतं, सातबारा तर तुमच्या खिशात आहे. तसंच इथे, प्रोग्राम आपली खरी ओळख फक्त एका ठिकाणी दाखवतो, टोकन सर्व्हरला, तिथून पाच मिनिटांचं टोकन घेतो आणि वेब सर्व्हिसला ते टोकन दाखवतो. खरं गुपित वेब सर्व्हिसपर्यंत जातच नाही.

हा टोकन देणारा सर्व्हर म्हणजेच कीक्लोक. ओपन सोर्स आहे, रेड हॅटच्या लोकांनी सुरू केलेला, पहिली पक्की आवृत्ती २०१४ ची, एप्रिल २०२३ पासून सीएनसीएफ ह्या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे इन्क्युबेटिंग प्रोजेक्ट म्हणून आहे. लायसन्स अपाची २.०, म्हणजे पैसे लागत नाहीत आणि किती क्लायंट, किती युजर असं मोजमापही नाही. हे आमच्यासाठी मोठं होतं, क्लाउडवरच्या तयार सेवांचा दर बघितला होता, त्यात मशीनच्या टोकनांचे वेगळे पैसे असतात, आणि दर पाच मिनिटाला टोकन घेणारे ११ काटे धरले की महिन्याचा आकडा गिऱ्हाईकाला सांगायची हिंमत होत नाही.

बसवणं. कंटेनर (लागणारं सगळं आत भरलेला तयार डबा) खाली उतरवला, स्टार्ट-डेव्ह ह्या आज्ञेने चालवला, दहा मिनिटांत अ‍ॅडमिनचा पडदा समोर. इथे बरेच जण फसतात, स्टार्ट-डेव्ह हे फक्त शिकण्यासाठी आहे, त्यात डेटा एचटू नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये जातो आणि एचटीटीपीएसची सक्ती नसते. खऱ्या कामाला पोस्टग्रेस हा डेटाबेस लावा, सर्टिफिकेट लावा आणि साध्या स्टार्टने चालवा. दुसरं, नेटवर जी शिकवणी सापडते त्यातली अर्धी वाइल्डफ्लाय ह्या जावा सर्व्हरवर चालणाऱ्या जुन्या आवृत्तीची आहे, त्यात वेब पत्त्यात मध्ये ऑथ असा एक तुकडा असतो. कीक्लोक क्वार्कस ह्या नव्या पायावर गेल्यापासून तो तुकडा काढून टाकलाय, थेट रिअल्म्सपासून पत्ता सुरू होतो. माझे दोन तास ४०४ (पान सापडलं नाही) बघण्यात गेले, तुमचे जाऊ नयेत.

मग रिअल्म, म्हणजे ह्या कामाचं वेगळं दालन, केला, त्यात प्रत्येक काट्याचा वेगळा क्लायंट. सावदा-०१, फैजपूर-०१, असे अकरा. प्रत्येकात क्लायंट ऑथेंटिकेशन चालू, सर्व्हिस अकाउंट्स रोल्स चालू, आणि स्टँडर्ड फ्लो वगैरे बाकी सगळं बंद, कारण काट्यावरून कोणी ब्राउझरने लॉगिन करणार नाहीये. क्रेडेन्शियल्सच्या टॅबमध्ये ज्याचं त्याचं सिक्रेट मिळतं. रोल एकच दिला, वजन लिहिणे. भाव बदलणे, पावती रद्द करणे हे रोल काट्यांना नाहीतच, ते ऑफिसच्या माणसांना. आधीच्या एपीआय कीने तर सगळंच करता येत होतं, हे लिहिताना अंगावर काटा येतो.

दोन गोष्टी इथे बदला, मी कळकळीने सांगतो. एक, क्लायंटच्या स्कोपमध्ये फुल स्कोप अलाउड हे मुळातच चालू असतं ते बंद करा, नाहीतर त्या खात्याचे सगळे रोल टोकनमध्ये येतात. दुसरी, ऑडियन्स. टोकनमध्ये हे टोकन कोणत्या सर्व्हिससाठी आहे ते लिहिलेलं असतं, पण आपल्या सर्व्हिसचं नाव त्यात आपोआप येत नाही, ऑडियन्स मॅपर लावावा लागतो. बरेच जण हे जमत नाही म्हणून वेब सर्व्हिसमधली ऑडियन्सची तपासणीच काढून टाकतात. असं करू नका भाऊ, मग डाळ मिलच्या सर्व्हिससाठी काढलेलं टोकन केळीच्या सर्व्हिसवर चालेल, रावेरची पावती चोपड्याला वटवल्यासारखं.

टोकन आतून कसं असतं हेही एकदा बघून घ्या. जेडब्ल्यूटी म्हणतात त्याला, तीन तुकडे, मध्ये टिंब. मधला तुकडा कोणीही उघडून वाचू शकतो, तो लपवलेला नसतो, फक्त सही केलेला असतो. म्हणून त्यात शेतकऱ्याचा मोबाईल नंबर, खाते नंबर असलं काही भरू नका. आमची वेब सर्व्हिस कीक्लोकच्या सार्वजनिक किल्लीने सही तपासते, कोणी दिलं, कोणासाठी दिलं, मुदत संपली का, आणि कोणत्या क्लायंटने घेतलं हे बघते. ह्यासाठी दर वेळी कीक्लोकला विचारावं लागत नाही, म्हणून वेगात काही फरक पडला नाही. आणि आता प्रत्येक वजनाच्या नोंदीपुढे आम्ही क्लायंटचं नाव टोकनमधून उचलून लिहितो, काट्याने स्वतः सांगितलेलं नाव नाही. सावदा म्हणजे सावदाच.

आता जे आवडलं नाही ते.

मेमरी खातं. जावा आहे शेवटी. आम्ही आधी १ जीबीच्या मशीनवर बसवलं, स्वस्त म्हणून, आणि पहिल्याच महिन्यात ते मेमरी संपून बंद पडलं. चूक आमची, त्यांच्या कागदपत्रांतच एका मशीनला साधारण सव्वा जीबी धरायला सांगितलंय. पण बंद पडल्यावर काय झालं ते महत्त्वाचं आहे: पहिली पाच मिनिटं कोणालाच काही कळलं नाही, कारण टोकनं हातात होती, आणि मग एकेक करून सगळे काटे थांबले. म्हणजे एका कीचा फास सोडवायला गेलो आणि दुसरा फास बांधून घेतला असं त्या दिवशी वाटलं होतं. आता ४ जीबीचं मशीन आहे, पोस्टग्रेसचा बॅकअप रोज, आणि मुख्य म्हणजे काट्यावरच्या प्रोग्राममध्ये वजनं आधी तिथल्या तिथे साठवायची सोय केली. सर्व्हर मिळाला नाही तर पावती छापून गाडी सोडायची, नोंद मागून पाठवायची. खरं तर लाईट आणि नेटचा आपल्या भागातला भरवसा बघता हे आधीपासूनच हवं होतं.

त्यातही एक बारीक गोष्ट. टोकन वजन घेताना मिळवायचं नाही, पाठवताना मिळवायचं. आमच्या पोराने आधी नोंदीबरोबर टोकनही साठवलं होतं, दोन तासांनी नेट आल्यावर सगळ्या नोंदी ४०१ (ओळख पटली नाही) खाऊन परत. आणि प्रत्येक नोंदीला नवीन टोकनही मागायचं नाही, एकच टोकन मुदत संपायच्या अर्धा मिनिट आधीपर्यंत वापरायचं. ४०१ आलं तर एकदाच नवीन टोकन घेऊन परत प्रयत्न करायचा, तरी नाही जमलं तर थांबायचं आणि पडद्यावर लाल पट्टी दाखवायची. न थांबता फेऱ्या मारत बसलं की सर्व्हर आणखी दमतो.

दिवाळीनंतर आम्ही सिक्रेटही काढून टाकलं आणि साइन्ड जेडब्ल्यूटीवर गेलो. का, तर सिक्रेट शेवटी फाईलमध्येच लिहावं लागतं आणि फाईल पेनड्राईव्हवर जाते, मूळ दुखणं तेच होतं. साइन्ड जेडब्ल्यूटीमध्ये प्रत्येक काट्याची स्वतःची खासगी किल्ली असते, ती विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये बाहेर काढता येणार नाही अशी खूण करून ठेवली, आणि कीक्लोकला फक्त तिची सही तपासायला लागणारं सर्टिफिकेट दिलं. काटा स्वतः एक छोटं पत्र लिहितो, मी अमुक, हे तुमच्यासाठी, एवढ्या वेळात संपेल, हा एकदाच वापरायचा नंबर, त्यावर सही करतो आणि टोकन मागतो. गुपित असं तारेवरून जातच नाही. कीक्लोकमध्ये क्लायंटच्या क्रेडेन्शियल्समध्ये पद्धत बदलायची आणि कीजच्या टॅबमध्ये सर्टिफिकेट टाकायचं, एवढंच. काट्यावरचा कोड मात्र आम्हाला चार-पाच दिवस लागला. फोल्डर कॉपी करून नेलं तरी आता घरच्या लॅपटॉपवर काही चालत नाही, हे मी स्वतः करून बघितलंय. कोणी पूर्ण मशीनवर अ‍ॅडमिन म्हणून बसला आणि जिद्दीला पेटला तर अशक्य नाही, पण पेनड्राईव्हचा खेळ संपला.

ह्याला एक अट आहे, घड्याळ बरोबर पाहिजे. एप्रिलमध्ये लोडशेडिंग वाढलं आणि फैजपूरचा काटा रोज सकाळी टोकन नाकारलं म्हणून ओरडायला लागला. आमच्यातला एक जण अमळनेरचा, तो अहिराणीत म्हणे, "काय व्हयनं रे भो, कालदिन तं चांगलं चालू व्हतं." दोन दिवस आम्ही कीक्लोकच्या लॉगमध्ये डोकं घालून बसलो, आणि निघालं काय तर मदरबोर्डवरचा सेल संपलेला. रात्री लाईट गेली की कॉम्प्युटरची तारीख पंधरा वर्षं मागे. सही केलेल्या पत्रावरची वेळच चुकीची, मग कीक्लोक ते घेणार कसं, आणि अशा तारखेला एचटीटीपीएसचं सर्टिफिकेटही अजून सुरू न झालेलं दिसतं. सीआर २०३२ चा सेल, चहा-पाण्याच्या पैशात येतो. अकराही मशीनमध्ये नवीन टाकले आणि वेळ नेटवरून घ्यायची सेटिंग तपासली. नुसत्या सिक्रेटच्या पद्धतीत टोकन मागताना वेळ लिहावी लागत नाही, म्हणून घड्याळ थोडंफार चुकलं तरी निभतं, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. जिथे कॉम्प्युटर फारच जुने आहेत तिथे हा विचार करूनच साइन्ड जेडब्ल्यूटी घ्या.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. जानेवारीत एका काट्याचा कॉम्प्युटर बंद पडला, तिथल्या माणसाने तो आम्हाला न विचारता दुरुस्तीला टाकला, हार्डडिस्कसकट, आणि तीन दिवस तो कोणाच्या टेबलावर होता काय माहीत. मी भुसावळला लग्नात होतो, मांडवात भरिताची पंगत बसलेली. तिथेच बाजूला जाऊन मोबाईलवर कीक्लोकचं अ‍ॅडमिन उघडलं, त्या काट्याचा क्लायंट शोधला, एनेबल्डचं बटण बंद. अर्धा मिनिट. बाकीच्या दहा काट्यांवर त्या दिवशी वजनं चालू होती आणि त्यांना कळलंही नाही की काही झालं. नवीन मशीन आल्यावर नवीन किल्ली, नवीन सर्टिफिकेट, जुनं काढून टाकलं. मे महिन्यातले ते साडेपाच तास आठवले आणि खरं सांगतो, पानावर परत बसलो तेव्हा घास गोड लागला.

इथे एक खुलासा करतो, क्लायंट बंद केला तरी आधी दिलेलं टोकन मुदत संपेपर्यंत चालतं, कारण आमची सर्व्हिस सही स्वतःच तपासते, कीक्लोकला विचारत नाही. मुळातली मुदत पाच मिनिटं असते, आम्ही ती तशीच ठेवली. एवढीही फट नको असेल तर दर वेळी इंट्रोस्पेक्शन करून विचारता येतं, पण मग प्रत्येक वजनाला एक फेरी वाढते. पावती रद्द करण्यासारख्या कामाला आम्ही तसं विचारतो, वजनाला नाही. काही जण कटकट नको म्हणून मुदत चोवीस तास करून ठेवतात, मग छोट्या टोकनाचा अर्थच गेला.

शेतकऱ्यांच्या मोबाईल अ‍ॅपची कथा वेगळी. तिथेही आम्ही आधी एक की अ‍ॅपच्या आत लपवली होती, आणि एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाईल उघडून ती काढायला शिकलेल्या पोराला दहा मिनिटंही लागत नाहीत. हजारो फोनवर वाटलेलं गुपित गुपित राहत नाही, ऑक्टोबर २०१७ च्या आरएफसी ८२५२ मध्ये हे स्पष्टच सांगितलंय. म्हणून कीक्लोकमध्ये तो पब्लिक क्लायंट केला, सिक्रेट नाहीच, पीकेसीई लावलं. अ‍ॅप दर लॉगिनला एक नवीन लांबलचक शब्द तयार करतं, आधी त्याचा ठसा पाठवतं आणि टोकन घेताना मूळ शब्द दाखवतं, दोन्ही जुळले तरच टोकन. त्यामुळे मधल्या मधे कोणी कोड पळवला तरी उपयोग नाही. पण ह्यातून अ‍ॅप खरं आहे हे सिद्ध होत नाही, फक्त ज्याने सुरू केलं त्यालाच टोकन मिळतं एवढंच. खरी ओळख शेतकऱ्याची, अ‍ॅपला काही जास्तीचा अधिकार द्यायचाच नाही.

आणि इथेच कीक्लोकमध्ये आपल्यासाठी मोठी कमी आहे. मोबाईलवर एसएमएसने ओटीपी, जो आपल्याकडे सगळ्यांना सवयीचा आहे, तो तयार मिळत नाही. ऑथेंटिकेटर अ‍ॅपवालं मिळतं, पण साठीतल्या नानांना मी ऑथेंटिकेटर अ‍ॅप कसं समजावू? जावामध्ये स्वतःचा जोडभाग लिहावा लागतो, आम्ही लिहिला, आणि दर मोठ्या आवृत्तीला तो पुन्हा तपासावा लागतो. लॉगिनच्या पानाची मराठी वाक्यंही थीममध्ये आम्ही आमच्या हाताने घातली. ते काम मात्र सोपं होतं, एक फाईल, आणि "इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स"च्या जागी "नंबर किंवा पासवर्ड चुकला" असं आल्यावर फोन निम्मे झाले.

अपग्रेडबद्दलही बोललं पाहिजे. फुकटच्या आवृत्तीत दुरुस्त्या मुख्यतः नवीन व्हर्जनलाच येतात, म्हणजे जुन्यावर बसून राहता येत नाही. आणि मोठ्या व्हर्जनला सेटिंगची नावं बदलतात. २५ मध्ये होस्टनेमचे पर्याय बदलले, २६ मध्ये पहिल्या अ‍ॅडमिनचं नाव-पासवर्ड द्यायच्या व्हेरिएबलचं नाव बदललं. आम्ही आता अपग्रेड फक्त कटाईचा जोर नसताना करतो, आधी दुसऱ्या मशीनवर बॅकअप चढवून, आणि एक खोटा काटा बनवून त्याने दिवसभर वजनं पाठवून बघतो.

दुसऱ्यांच्या सर्व्हिसला आपण हाक मारतो तिथे अर्थात कीक्लोक काही करू शकत नाही, तिथे ते म्हणतील तसं. एका बँकेच्या पेमेंट सर्व्हिसला म्युच्युअल टीएलएस लागतं, म्हणजे आमच्या सर्व्हरनेही सर्टिफिकेट दाखवायचं. भक्कम पद्धत आहे, फक्त सर्टिफिकेटची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आम्ही महालक्ष्मीच्या कॅलेंडरवर महिनाभर आधीच्या पानावर लाल पेनाने लिहिलीय.

कोणी घ्यावं? तुमचा एकच सर्व्हर दुसऱ्या एकाच सर्व्हरला हाक मारत असेल, दोन्ही तुमच्याच ताब्यात असतील, तर कीक्लोक नको, एवढा मोठा संसार मांडायची गरज नाही. नीट सांभाळलेलं एक गुपित आणि त्याने विनंतीवर एचमॅकची (त्याच गुपितातून काढलेली) सही, वेळेच्या शिक्क्यासकट, पुरेसं आहे. पण मशीन दुसऱ्याच्या जागेवर असतील, माणसं बदलत असतील, आणि त्या नोंदीवर कोणाचा तरी पैसा ठरत असेल, तर तीन मशीन असली तरी प्रत्येकाला वेगळी ओळख द्या, मग ती कीक्लोकने द्या नाहीतर दुसऱ्या कशाने. मी पाचपैकी चार देतो, एक एसएमएस ओटीपी आणि मेमरीसाठी कापला.

सावद्याच्या आबांच्या पावतीवर आता खाली छोट्या अक्षरात "सावदा-०१" असं छापून येतं, ते त्यांनीच सांगितलं होतं, पावतीवर माझ्या काट्याचं नाव पाहिजे म्हणून. काट्यावरचा सही करणारा कोड आम्ही सी शार्पमध्ये लिहिलाय आणि लॉगिनची मराठी फाईलही तयार आहे, आपल्या भागात कोणी भुईकाट्याचं किंवा रायपनिंग चेंबरचं काम करत असेल आणि त्याला लागणार असेल तर सांगा, देतो, पैसे नकोत.